बालगुन्हेगारी आणि सामाजिक नियंत्रण : १९५० च्या दशकातले सिद्धांत आज कितपत टिकतात?

मासुंदा (धागाकर्ती)

नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका आहे आणि गेली नऊ वर्षे ठाण्यात वागळे इस्टेटजवळच्या किसननगर भागात संध्याकाळची अभ्यासिका चालवायला मदत करते. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे येणारी चार मुले रात्री एका बंद पडलेल्या कंपनीच्या आवाराकडे तांब्याची केबल काढायला गेली. तिघे आत शिरले आणि सापडले. चौथा मागच्या भिंतीपर्यंत बरोबर गेला होता, पण तिथून परत फिरला. दोन दिवसांनी तो माझ्यासमोर बसला होता तेव्हा मी त्याला कारण विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, माझा आयटीआयला फिटरला नंबर लागलाय. नावावर केस पडली तर पुढं पोलीस व्हेरिफिकेशन कसं मिळणार?"

वस्तीत सगळे त्या तिघांबद्दल बोलत होते. मला मात्र चौथ्याने विचारात पाडले. चौघांची घरे एकाच गल्लीत आहेत, चौघांच्या घरची ओढगस्त सारखीच आहे, आणि तांब्याचा भाव चौघांनाही ठाऊक होता. गुन्हेगारीच्या बहुतेक सिद्धांतांचा प्रश्न "यांनी असे का केले?" हा असतो. सामाजिक नियंत्रणाचे सिद्धांत उलट बाजूने सुरुवात करतात. मोह सर्वांनाच होतो असे ते धरून चालतात आणि मग विचारतात की बहुतेक माणसे गुन्हा का करत नाहीत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हर्शी यांच्या १९६९ च्या ग्रंथामुळे हा विचार सर्वत्र पोहोचला, पण त्याआधीच्या पंधरावीस वर्षांतले काम आपल्याकडे फारसे वाचले जात नाही. त्याचे मूल्यमापन करावे, म्हणून हा धागा काढला आहे.

मूळ अर्थातच फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केम यांच्यापर्यंत जाते. समूहाशी असलेली बांधिलकी सैल झाली की माणसाच्या इच्छांना आवर घालणारे बाहेरचे काही उरत नाही, हा त्यांच्या १८९७ च्या आत्महत्येवरील अभ्यासाचा गाभा आहे. पण हा विचार बालगुन्हेगारीच्या प्रत्यक्ष नोंदींवर तपासून पाहण्याचा पहिला ठळक प्रयत्न मला आल्बर्ट रीस यांचा वाटतो. त्यांनी १९५१ मध्ये शिकागो परिसरातील न्यायालयाच्या कागदपत्रांवरून परिविक्षेवर (म्हणजे कोठडीऐवजी देखरेखीखाली) सोडलेल्या ११ ते १७ वयाच्या १,११० गोऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी नियंत्रणाचे दोन भाग केले. समाजाच्या नियमांना छेद देणारा मार्ग टाळण्याची स्वतःची क्षमता म्हणजे वैयक्तिक नियंत्रण, आणि कुटुंब, शाळा, वस्ती यांची आपले नियम प्रत्यक्षात पाळून घेण्याची ताकद म्हणजे सामाजिक नियंत्रण. शाळेत नियमित न जाणाऱ्या आणि शाळेने ज्यांच्या वागणुकीबद्दल तक्रार नोंदवली होती अशा मुलांची परिविक्षा अधिक वेळा मोडली, असे त्यांना दिसले.

इथे माझा पहिला आक्षेप आहे. शाळा बुडवणे हेच त्या काळी तिथे बालगुन्ह्यात मोडत होते. मग शाळा बुडवणाऱ्याच्या हातून पुढे गुन्हा होतो असे म्हणताना आपण एकाच गोष्टीला एकदा कारण आणि एकदा परिणाम म्हणतो आहोत. वैयक्तिक नियंत्रणाचीही तीच गत आहे. ते मोजण्यासाठी रीस यांनी मनोविकारतज्ज्ञांच्या अहवालांचा आधार घेतला, आणि ते तज्ज्ञ ज्या मुलाला तपासत होते तो न्यायालयापर्यंत पोहोचलेला आहे हे त्यांना आधीच माहीत होते. मुलाने गुन्हा केला म्हणून त्याचा आवर कच्चा, आणि आवर कच्चा म्हणून त्याने गुन्हा केला, अशा चक्रात हे विवेचन सापडते.

आयव्हन नाय यांनी १९५८ मध्ये कागदपत्रांची ही अडचण मोठ्या प्रमाणात दूर केली. वॉशिंग्टन राज्यातल्या तीन मध्यम आकाराच्या गावांत हायस्कूलच्या ७८० मुलामुलींना त्यांनी थेट विचारले की तुम्ही स्वतः काय काय केले आहे. पोलिसांनी कोणाला पकडले, यापेक्षा मुलांनी काय केले हे पाहण्याची ही पद्धत त्या काळी नवी होती आणि तिचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. त्यांनी नियंत्रणाचे चार प्रकार मांडले : बंदी, शिक्षा आणि देखरेख यांचे थेट नियंत्रण, सदसद्विवेकाच्या रूपाने मनात मुरलेले नियंत्रण, आईवडिलांविषयीच्या मायेतून येणारे अप्रत्यक्ष नियंत्रण, आणि गरजा सरळ मार्गाने भागण्याची सोय. यातला तिसरा प्रकार मला फार खरा वाटतो. आई समोर नसते, तिला कळण्याचीही शक्यता नसते, तरीही तिला वाईट वाटेल या विचाराने हात मागे येतो. नाय यांना असेही आढळले की आईवडील एकत्र राहत आहेत पण घरात अखंड कलह आहे, अशा घरांत मोडलेल्या संसारांपेक्षा बालगुन्हेगारी जास्त होती. एकट्या आईने वाढवलेल्या मुलाकडे संशयाने पाहणाऱ्या आपल्या समाजाने हा निष्कर्ष भिंतीवर लिहून ठेवावा.

वॉल्टर रेकलेस यांची कंटेनमेंट थिअरी आणि जॅक्सन टोबी यांचा १९५७ चा लेख यांच्याबद्दल पुढे लिहीनच. आधी आपली मते वाचायला आवडतील.

ऐरोलीकर

धागा आवडला. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझे म्हणणे मोजमापापुरतेच आहे.

नाय यांच्या प्रश्नावलीत काय विचारले होते हे आधी पाहायला हवे. परवान्याशिवाय गाडी चालवणे, शाळा बुडवणे, आईवडिलांना तोंडावर उलट बोलणे, दोन डॉलरपेक्षा कमी किमतीची वस्तू उचलणे, दारू पिणे, मालमत्तेची मुद्दाम नासधूस, शरीरसंबंध, अशी ती यादी होती. दरोडा किंवा गंभीर मारहाण तिच्यात नाही. शिवाय ही मुले त्या दिवशी वर्गात हजर होती. ज्यांनी शाळा सोडली किंवा जी सुधारगृहात होती, ती नमुन्याबाहेर राहिली. मोठ्या शहरातली वस्ती तर नव्हतीच. म्हणजे जिथे नियंत्रण मुळात बऱ्यापैकी शाबूत आहे तिथल्या किरकोळ वागणुकीतला फरक नाय यांनी मोजला, आणि त्यावरून गुन्हेगारीविषयी विधान केले. त्यांचे विधान चूक आहे असे मी म्हणत नाही. ते जेवढ्या पुराव्यावर उभे आहे तेवढेच त्याचे वजन धरावे, इतकेच माझे सांगणे आहे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. ज्या मुलांना आईवडिलांनी झिडकारल्यासारखे वाटत होते त्यांच्यात उनाडपणा जास्त होता, हे एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून कळते. पण आधी काय घडले? मुलगा सतत तक्रारी घरी आणतो म्हणून आईवडील त्याच्यापासून तुटत गेले असतील, हेही तितकेच शक्य आहे. एकाच दिवशी काढलेल्या छायाचित्रावरून कोण कोणाच्या मागे धावत होते ते सांगता येत नाही. त्याच मुलांना काही वर्षांनी पुन्हा भेटल्याशिवाय याचा निकाल लागत नाही, आणि सुरुवातीच्या अभ्यासांपैकी फार थोड्यांनी ते केले.

खाडीकाठ

मी वकील आहे आणि बाल न्याय मंडळासमोरची प्रकरणे चालवते. बरीचशी मुले तुर्भे आणि दिघ्याकडची असतात.

मासुंदाताई, नाय यांच्या अप्रत्यक्ष नियंत्रणाबद्दल आपण लिहिलेले पटले, पण थेट नियंत्रणाचा मुद्दा वाचला की मला काळजी वाटते. देखरेख कमी पडली असे म्हटले की न्यायालयाच्या व्हरांड्यात सगळ्या नजरा आईकडे वळतात. तुर्भ्यातली एक आई पहाटे मार्केटमध्ये भाजी निवडायला जाते, दुपारी दोन घरची धुणीभांडी करते आणि दिवेलागणीला परतते. तिच्या मुलाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली घराची किल्ली असते. शाळेतून आला की तो शेजारच्या मावशींना हाक मारतो, त्यांच्यासमोर कुलूप उघडतो आणि किल्ली पुन्हा सदऱ्याच्या आत टाकतो. त्या मावशी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडता निवडता अख्ख्या गल्लीवर लक्ष ठेवतात. पुढे ती वस्ती हलवली गेली आणि ही दोन कुटुंबे दोन वेगळ्या इमारतींत गेली. आता मुलाच्या गळ्यात किल्ली आहे, पण हाक मारायला मावशी नाहीत. हे नियंत्रण आईने गमावले असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

शॉ आणि मॅके या समाजशास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये शिकागोबद्दल हेच दाखवले होते. माणसे बदलत राहिली तरी ठरावीक वस्त्यांतले बालगुन्हेगारीचे प्रमाण चढेच राहिले, कारण तिथे कोणी मूळ धरून राहत नव्हते आणि मुलांना हटकणारे शेजार तयारच होत नव्हते. पन्नाशीच्या दशकातल्या नियंत्रणवाद्यांनी हा वस्तीचा धागा सैल सोडला आणि सगळा भार घरावर टाकला, ही माझी त्यांच्याविषयीची मुख्य तक्रार आहे.

रीस यांच्याबद्दल एकच सांगते. न्यायालयाच्या कागदांत येणारी मुले ही गुन्हा करणाऱ्या सर्व मुलांचा नमुना कधीच नसतात. सोसायटीतल्या मुलाने दुकानातून वस्तू उचलली तर वडील पैसे भरून प्रकरण तिथेच मिटवतात. झोपडीतल्या मुलाची नोंद होते.

उपवन

एक साधी शंका विचारतो. आमच्या पिढीत "रिकामे मन सैतानाचे घर" असे म्हणत आणि मुलांना व्यायामशाळेत, कबड्डीच्या संघात किंवा गणेशोत्सव मंडळाच्या कामात गुंतवून ठेवत. या सिद्धांतांत त्याला काही आधार आहे का?

मासुंदा

उपवनकाका, आपला प्रश्न अगदी नेमका आहे आणि उत्तर थोडे निराश करणारे आहे. हर्शी यांनी बंधाचे चार पदर मांडले : जिव्हाळा, बांधिलकी, सहभाग आणि श्रद्धा (म्हणजे समाजाच्या नियमांवरचा विश्वास). आपण म्हणता तो सहभाग. कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांच्या त्यांच्याच पाहणीत हा पदर सर्वांत कच्चा निघाला. गुन्ह्याला वेळच इतका थोडा लागतो की दिवसाचे आठ तास गुंतलेल्या मुलालाही तो सापडतो. केबल काढायला त्या मुलांना अर्धा तास लागला असता. कबड्डीच्या संघाचा उपयोग होत असेल तर तो वेळ भरल्यामुळे होत नसावा. ज्याच्या नजरेतून उतरायचे नाही असा प्रशिक्षक तिथे भेटतो, म्हणून होत असावा. म्हणजे पुन्हा जिव्हाळ्याशीच येऊन पोहोचतो आपण.

खाडीकाठताई, आपला किल्लीचा प्रसंग वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते. आपली तक्रार रास्त आहे. तरी एका माणसाला मी त्यातून वगळेन, आणि ते म्हणजे जॅक्सन टोबी. माझ्या दृष्टीने या सगळ्या सुरुवातीच्या कामात सर्वांत टिकाऊ कल्पना त्यांची आहे. सरळ वागण्यात प्रत्येकाची काहीतरी गुंतवणूक असते, असे त्यांनी १९५७ मध्ये मांडले. शाळेत बरे चाललेल्या मुलाने नियम मोडला तर त्याला शिक्षा तर होतेच, शिवाय पुढची सगळी वाटचालही धोक्यात येते. शाळेत नापासाचा शिक्का बसलेल्या मुलाला मात्र फक्त शिक्षेचीच जोखीम असते, कारण गमावण्यासारखे दुसरे काही त्याच्याकडे नसतेच. आणि टोबी इथे थांबत नाहीत. एकाच वस्तीत अशी गमावण्यासारखे काही नसलेली पुष्कळ मुले असली की ती एकमेकांना सापडतात आणि परस्परांना बळ देतात. तशीच अवस्था असलेला एखादाच मुलगा सुस्थित वस्तीत राहत असेल, तर तो मनाने दुखावलेला असला तरी त्याला साथीदार मिळत नाही. म्हणजे घर, शाळा आणि वस्ती हे तिन्ही त्यांनी एकाच विचारात बसवले आहेत. आमच्या चौथ्या मुलाचे ते फिटरचे वाक्य मी ऐकले तेव्हा मला टोबीच आठवले.

ब्रायर आणि पिलियाविन यांनी १९६५ मध्ये यात एक महत्त्वाची भर घातली. क्षणिक मोह कोणालाही होऊ शकतो आणि त्यासाठी मुलाच्या स्वभावात काही मुरलेली विकृती असावी लागत नाही, असे त्यांनी म्हटले. त्या क्षणी त्याच्या मनात आपली प्रतिमा आणि आपले पुढचे दिवस यांची किती किंमत आहे, यावर पुढचे ठरते. "हा मुलगा मुळातच तसला आहे" असे म्हणणाऱ्यांसाठी हे उत्तर आहे.

पारसिक

रेकलेस यांच्यावर मी थोडे लिहितो, कारण समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात आम्हाला ते शिकवले होते.

त्यांची मांडणी अशी की मुलाला गुन्ह्याकडे ढकलणारे आणि ओढणारे दाब असतात, आणि त्यांना तोंड देणारे दोन आवर असतात. बाहेरचा आवर म्हणजे कुटुंब, देखरेख, आपलेपणा देणारा गट. आतला आवर म्हणजे मुख्यतः स्वतःविषयीची चांगली प्रतिमा. ओहायोतल्या कोलंबस शहरात गुन्हेगारीचे प्रमाण जास्त असलेल्या भागांत त्यांनी सहावीच्या शिक्षकांना विचारले की कोणती मुले कधीच कायद्याच्या कचाट्यात सापडणार नाहीत असे तुम्हाला वाटते. अशी १२५ मुले निवडली गेली. चार वर्षांनी त्यांतली १०३ सापडली आणि फक्त चौघांचा पोलिसांशी संबंध आला होता. वाईट वस्तीतही चांगली आत्मप्रतिमा मुलाला सांभाळते, असा निष्कर्ष काढला गेला.

हे ऐकायला फार छान वाटते आणि मीही काही काळ त्यावर विश्वास ठेवला. परंतु टांग्री आणि श्वार्ट्झ यांनी १९६७ मध्ये त्यावर जे प्रश्न उपस्थित केले त्यांना समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. मुलगा चांगला हे शिक्षकांनी ठरवले. मग "तुझे शिक्षक तुला कसा समजतात?" असे मुलाला विचारले आणि त्याने दिलेल्या उत्तराला आत्मप्रतिमा म्हटले. मुलाने वर्षभर शिक्षकांच्या डोळ्यांत जे वाचले तेच तो सांगत असेल, तर त्यातून त्याच्या आतल्या आवराबद्दल नवीन काय कळले? आणि सहावीतल्या ज्या मुलाला शिक्षक दररोज "हा काही सरळ राहणार नाही" अशा नजरेने पाहतात, त्याच्या पुढच्या आयुष्यात त्या नजरेचा वाटा किती, हेही या अभ्यासातून कळत नाही.

याच संदर्भात साइक्स आणि मात्झा यांचा १९५७ चा लेख मला जास्त उपयोगी वाटतो. मुले समाजाची मूल्ये मानतात, पण तेवढ्यापुरती ती बाजूला ठेवण्यासाठी मनाची समजूत घालतात, असे त्यांनी दाखवले. माझी जबाबदारी नाही, कोणाचे नुकसान झाले नाही, ज्याचे झाले तो त्याच लायकीचा आहे, बोट दाखवणारेच चोर आहेत, आणि मित्रांसाठी करावे लागले, असे पाच प्रकार त्यांनी नोंदवले. मासुंदाताई, त्या तिघांनी काय सांगितले होते?

मासुंदा

पारसिक, आपण विचारले म्हणून आठवून लिहिते. एक म्हणाला, "कंपनी तर बंदच आहे बाई, माल कुणाचा?" दुसरा म्हणाला, "वॉचमन स्वतःच भंगार विकतो." तिसरा म्हणाला की मित्रांना नाही म्हणता आले नाही. पाचपैकी तीन प्रकार एका बाकावर बसलेले होते. यातले कोणतेही वाक्य चोरी चांगली आहे असे म्हणत नाही, आणि म्हणूनच मला त्या मुलांबद्दल आशा आहे.

खाडीकाठ

ताई, आता एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. आपल्या चौथ्या मुलाला ज्या भीतीने मागे फिरवले ती कायद्याच्या दृष्टीने बरीचशी निराधार आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे विधिसंघर्षग्रस्त बालकावर (म्हणजे ज्याच्या हातून अपराध झाला अशा मुलावर) त्या प्रकरणामुळे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर संबंधित अभिलेख नष्ट करण्याचे आदेश मंडळाने द्यायचे असतात. सोळा वर्षांवरील ज्या मुलाला बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून चालवून दोषी ठरवले आहे, त्याचाच याला अपवाद आहे, आणि तो मार्ग निर्घृण स्वरूपाच्या अपराधांसाठी आहे. केबलची चोरी त्यात येत नाही. त्याच कायद्यात नव्याने सुरुवात करू देण्याचे तत्त्व स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे.

यावरून मला टोबी यांच्याविषयी एक शंका येते. मुलांना हे कलम समजावून सांगितले तर त्यांची ती गुंतवणूक सैल होईल का?

ऐरोलीकर

मला वाटते, उलट होईल. टोबी यांच्या युक्तिवादाप्रमाणे धोका त्या मुलापासून आहे ज्याला वाटते की आपले सगळे आधीच गेले आहे. कलम २४ त्याला सांगते की अजून गेलेले नाही. पहिल्या चुकीनंतर दुसरी चूक होते की नाही, यासाठी हे कलम भिंतीवरून परत फिरलेल्यापेक्षा आत शिरलेल्या तिघांना अधिक महत्त्वाचे आहे.

मासुंदा

ऐरोलीकर, मीही याच मताची आहे, आणि आता ते माझ्यासाठी नुसते मत राहिलेले नाही. तिघेही सध्या घरी आहेत आणि अभ्यासिकेत येऊ लागले आहेत. एकाने आयटीआयच्या पुढच्या वर्षीच्या अर्जाची चौकशी केली. दुसरा दाराजवळच्या बाकावर बसतो आणि कोणी आत आले की वहीत मान घालतो. काही पालकांनी मात्र लेखी मागणी केली आहे की या तिघांची नावे हजेरीपटावरून काढावीत, नाहीतर आम्ही आमची मुले पाठवणार नाही. त्यांची भीती मी खोटी म्हणत नाही. त्यांच्या दृष्टीने ते आपल्या मुलांवरचे नियंत्रणच सांभाळत आहेत. पण या तिघांकडे आज गमावण्यासारखे जे काही शिल्लक आहे, त्यात हजेरीपटावरचे नाव बरेच वरच्या क्रमांकावर आहे, आणि तेच काढून घ्या असे मला सांगितले जात आहे. येत्या रविवारी पालकांची बैठक आहे.

खाडीकाठ

बैठक किती वाजता आहे? कलम २४ मी मराठीत छापून आणते आणि पालकांच्या प्रश्नांना उत्तरेही देते. वाशीहून ठाण्याची गाडी पकडली तर मला वेळेवर पोहोचता येईल.

मासुंदा

सायंकाळी पाच वाजता. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. वीस प्रती पुरतील.